बसून आलेला थकवा

रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. कर्वेनगरातल्या एका सोसायटीत कॉट बेसिसवर राहणारी, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी लॅपटॉप मिटते, उशीला टेकते आणि मोबाइल हातात घेते. संध्याकाळी आईचा फोन येऊन गेलेला असतो. ‘आवाज असा का गं? बरं नाही का?’ या प्रश्नाला तिने ‘काही नाही गं आई, दमलेय जरा,’ एवढेच उत्तर दिलेले असते. दमलेय हे खरेच असते. पण दिवसभरात असे काय केले म्हणून दमलीस, असे कुणी विचारले असते तर तिला पटकन सांगता आले नसते. ती कुठे धावली नव्हती, तिने ओझे उचलले नव्हते, की उन्हात उभी राहिली नव्हती. ती दिवसभर बसली होती.

हा दिवस कुणा एकीचा नाही. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा कुठल्याही विद्यापीठाच्या गावात तो थोड्याफार फरकाने असाच जातो. विद्याशाखा बदलते, बाक आणि खुर्ची तीच राहते. सेमिस्टर संपत आले, सबमिशनच्या तारखा जवळ आल्या, जर्नल आणि ओरलची धावपळ सुरू झाली की ही दमणूक वाढते. घरचे म्हणतात, ‘झोप काढ.’ मित्र म्हणतात, ‘ब्रेक घे, एखादी सीरिज बघ.’ झोपेचा सल्ला चुकीचा नाही. पण झोप झाल्यावरही सकाळी अंग जड असते आणि पुस्तक उघडण्याची इच्छा होत नाही, तेव्हा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. बसून आलेला थकवा आणखी बसून जातो का?

दिवसाचा जमाखर्च

या विद्यार्थिनीच्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडून पाहू. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार कॉलेज. त्यातून जेवणाची सुट्टी आणि प्रयोगशाळेत उभे राहण्याचा वेळ वजा केला तरी पाच तास बाकावर जातात. मैत्रिणीच्या स्कूटरवरून जाऊन-येऊन पाऊण तास. नाश्ता, जेवण, चहा मिळून एक तास. संध्याकाळी अडीच तास अभ्यासिकेत. रात्री असाइनमेंट आणि प्रोजेक्टसाठी दोन तास लॅपटॉपपुढे. त्यानंतर ‘पाचच मिनिटे’ म्हणून उघडलेल्या मोबाइलचा सव्वा तास. बेरीज होते साडेबारा तास. झोप साडेसहा तासांची. उरलेल्या पाच तासांत आंघोळ, आवराआवर, प्रयोगशाळा, रांगा आणि गप्पा. त्यात प्रत्यक्ष चालणे किती? खोलीपासून मेसपर्यंत, पार्किंगपासून लिफ्टपर्यंत आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गापर्यंत. सगळे मिळून वीस मिनिटे झाली तरी खूप.

शास्त्रज्ञांच्या भाषेत जागेपणी बसून, टेकून किंवा आडवे राहून, अगदी कमी ऊर्जा खर्च करत घालवलेला वेळ म्हणजे बैठा वेळ. शांत बसल्यावर शरीराला जेवढी ऊर्जा लागते तिला एक ‘मेट’ मानतात. दीड मेट किंवा त्याहून कमी खर्चाच्या अशा बैठ्या गोष्टी या गटात येतात. साध्या चालीने चालू लागले तरी हा खर्च बसण्याच्या तिपटीच्या आसपास जातो. व्याख्यान ऐकणे, कोड लिहिणे, प्रबंध टंकणे आणि रील बघणे यांत डोक्याला कितीही फरक पडत असला तरी पायांच्या स्नायूंना तो कळत नाही. त्यांच्या लेखी हे सगळे एकच काम आहे, आणि ते म्हणजे काहीही न करणे.

बर्नआऊट म्हणजे आळस नव्हे

‘बर्नआऊट’ हा शब्द आता कट्ट्यावरही सहज वापरला जातो. परीक्षा संपल्यावर येणारी सुस्ती, नकोसा झालेला विषय, प्रेमभंगानंतरची उदासी अशा सगळ्यांना तो लावला जातो. मूळ अर्थ मात्र नेमका आहे. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेवर लेख लिहिला. मनापासून कामाला लागलेले कार्यकर्तेच काही महिन्यांनी रिकामे झाल्यासारखे होतात, हे त्यांनी पाहिले होते आणि स्वतः अनुभवलेही होते. पुढे अमेरिकेतल्याच क्रिस्टिना मास्लाक यांनी ही अवस्था मोजता येईल अशी प्रश्नावली तयार केली. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने बर्नआऊटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था, अशी तिची व्याख्या आहे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले, शक्ती संपल्यासारखे वाटणे. दुसरे, कामापासून मनाने तुटत जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे. तिसरे, आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे.

ही व्याख्या नोकरीपुरती आहे, मग विद्यार्थ्यांचे काय? त्यांना पगार मिळत नसला तरी हजेरी आहे, मुदती आहेत, वरून येणारे मूल्यमापन आहे आणि अपयशाची किंमतही आहे. हे लक्षात घेऊन युरोपातल्या संशोधकांनी मास्लाक यांची प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी बदलून घेतली आणि स्पेन, पोर्तुगाल व नेदरलँड्समधल्या विद्यापीठांतल्या मुलांवर ती वापरून पाहिली. ते काम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती तीन लक्षणे अशी दिसतात. अभ्यासाने पिळून निघाल्यासारखे वाटते. ‘या सगळ्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न रोजचा होतो. आणि पूर्वी सहज जमणाऱ्या गोष्टीही आता आपल्याला जमणार नाहीत, असे वाटू लागते.

यातले दुसरे लक्षण घरच्यांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटते. दहावी-बारावीला रात्र-रात्र जागणारा मुलगा तिसऱ्या वर्षात ‘काय फरक पडतो?’ म्हणू लागला की घरात त्याला आळशी ठरवले जाते. ‘शहराचे पाणी लागले’ असेही म्हटले जाते. पण ज्याला फिकीर नव्हती तो सहसा जळून जात नाही. आधी पेटलेले असावे लागते.

बसच्या चालकाने शिकवलेला धडा

बसण्याचा आणि आरोग्याचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना मांडली. चालक आणि वाहक एकाच बसमध्ये काम करत, एकाच वर्गातले असत. फरक एवढाच की चालक दिवसभर आसनावर बसून असे आणि वाहक तिकिटे देत खाली-वर जिने चढत राही. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले. दोन्ही गटांत सुरुवातीपासून इतरही फरक होते, हे नंतर लक्षात आले. तरी कामातली हालचाल हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे तिथून पुढे कुणाला नाकारता आले नाही.

त्यानंतरच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. व्यायाम न करणे आणि फार वेळ बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी तासभर जिममध्ये घाम गाळून मग दहा-अकरा तास खुर्चीत बसणारा तरुण व्यायाम करणारा असतो आणि बैठाही असतो. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक विश्लेषण आले. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांना अकाली मृत्यूचा जो वाढीव धोका असतो, तो पुसला जायला रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम दमाची हालचाल लागते, असे त्यातून दिसले. पंधरा मिनिटांच्या फेरफटक्याने एवढे साधत नाही. पण काहीच न करण्यापेक्षा तो फेरफटका नक्कीच बरा, हेही त्याच आकड्यांनी सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० मधली शिफारस साधी आहे. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत आणि बसण्याचा वेळ कमी करावा. भारताची स्थिती या मोजपट्टीवर चिंताजनक आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. हे प्रमाण पुरुषांत ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. २००० साली एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे आज कॉलेजात असलेली पिढी जन्मून मोठी झाली, तेवढ्या काळात बैठेपणा दुपटीहून वाढला.

ताण आला, पण पाय हलले नाहीत

हृदयविकार ही विसाव्या वर्षी दूरची गोष्ट वाटते. थकव्याशी बसण्याचा संबंध मात्र आजचा आहे. ओरलसाठी नाव पुकारले जाण्याची वाट पाहताना काय होते ते आठवावे. छातीत धडधडते, तळहात ओले होतात, श्वास भरभर चालतो. ॲड्रिनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात साखर सोडतात, हृदयाचा वेग वाढवतात आणि स्नायूंकडे रक्त वळवतात. ही सगळी तयारी शरीराने पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी केलेली असते. विद्यार्थी मात्र बाकावर बसून राहतो. एखाद्या दिवशी असे झाले तर शरीर ते पचवते. सेमिस्टरभर रोज तेच चालले तर ताणाचा आणि विसाव्याचा लयबद्ध खेळ बिघडतो. झोप उशिरा येते आणि लवकर मोडते.

त्यात अंगदुखीची भर पडते. मान पुढे, खांदे वर, पाठ वाकलेली अशा स्थितीत बसणे म्हणजे विश्रांती नव्हे. मानेचे आणि पाठीचे स्नायू तासन् तास थोडे-थोडे आवळलेले राहतात. हलणाऱ्या स्नायूत रक्त खेळते, आवळून धरलेल्यात ते कमी पोहोचते. म्हणून दिवसभर काही न करता खांदे भरून येतात.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात कीथ डियाझ यांच्या गटाने २०२३ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगाला अकराच जण होते. त्यांना वेगवेगळ्या दिवशी आठ तास बसवले आणि बसण्यात किती वेळाने किती मिनिटे चालायचे, हे दरवेळी बदलले. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे रमतगमत चालल्याने जेवणानंतर रक्तात उसळणारी साखर सर्वांत जास्त आटोक्यात राहिली. चालण्याच्या बहुतेक वेळापत्रकांत थकवाही कमी जाणवला आणि मनःस्थितीही सुधारली. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठा इमला बांधू नये. पण दुपारच्या जेवणानंतर सलग तीन तासांच्या वर्गात डोळे का मिटतात, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी तो लक्षात ठेवावा.

आधी काय: थकवा की बैठेपणा?

जे विद्यार्थी हालचाल करतात त्यांच्यात बर्नआऊट कमी आढळते, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. पण त्यातल्या बहुतेक पाहण्या एकदाच प्रश्नावली भरून घेतलेल्या असतात. त्यातून कारण कुठले आणि परिणाम कुठला, हे ठरत नाही. व्यायाम न केल्याने मुलगा खचला, की खचल्याने त्याने मैदानावर जाणे सोडले? खरे तर दोन्ही दिशांनी हे घडू शकते. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी काटला जातो तो खेळाचा तास. मग झोप बिघडते, झोप बिघडली की अभ्यासाला जास्त वेळ लागतो आणि जास्त वेळ लागतो म्हणून खेळायला वेळ उरत नाही.

हे चक्र मधूनच तोडता येते का, हे तपासण्याचा एक चांगला प्रयत्न नेदरलँड्समध्ये झाला. अभ्यासामुळे खूप थकलेल्या ९७ विद्यापीठ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, हलक्या वेगाने पळायचे, दुसऱ्याने थांबायचे. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पळणाऱ्या गटाचा थकवा थांबलेल्या गटापेक्षा जास्त उतरला आणि त्यांच्या झोपेचा दर्जाही सुधारला. या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘हलक्या’ हा आहे. मॅरेथॉनची तयारी कुणी करून घेतली नव्हती. आधीच पिळून निघालेल्या माणसाला जमेल एवढेच मागितले गेले होते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘व्यायाम कर, सगळे ठीक होईल,’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या डोक्यावर आणखी एक सबमिशन ठेवल्यासारखे होऊ शकते. मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकल लायटर यांनी १९९७ मध्येच सांगितले होते की, बर्नआऊटचे मूळ फक्त माणसात नसते. ते माणूस आणि काम यांच्यातल्या विसंगतीत असते. कामाचा बोजा, आपल्या हातात असलेले निर्णय, मिळणारी दाद, सोबत्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये अशी सहा ठिकाणे त्यांनी दाखवली. एकाच आठवड्यात पाच विषयांची सबमिशन ठेवली, गुणांचे निकष सांगितलेच नाहीत, फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, प्लेसमेंटची यादी लागत नाही, तर टेकडी चढून यातले काहीही बदलत नाही. चालल्याने अंगात बळ येते, वेळापत्रक शहाणे होत नाही. ते शहाणे करण्याची जबाबदारी ज्यांनी ते केले त्यांचीच आहे.

सायकल गेली, मैदानही गेले

विद्यार्थी आळशी झाले म्हणून बसू लागले, असे म्हणणे सोपे आहे. पण हालचाल त्यांच्या दिवसातून कशी काढून घेतली गेली, हेही पाहायला हवे. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कॉलेजला जाणे हाच व्यायाम होता, त्यासाठी वेगळा निर्धार लागत नव्हता. आज त्याच रस्त्यांवर सायकल चालवायला धाडस लागते. पदपथावर दुचाकी उभ्या असतात. खोलीवर जेवण मागवता येते, नोट्स ग्रुपवर येतात, झेरॉक्सच्या दुकानापर्यंतचेही चालणे संपले. अनेक कॉलेजांना मैदान म्हणावे असे मैदान नाही, आणि जिथे आहे तिथे ते बहुधा संघात निवड झालेल्यांचे असते. ज्याला नीट खेळता येत नाही पण खेळायचे आहे, त्याला जागा नसते.

मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. ५७ आणि ४२ टक्क्यांमधला फरक इच्छेचा नाही. संध्याकाळी साडेसहाला अंधार पडतो, रस्त्यावर धावू लागले की नजरा वळतात, होस्टेलचे दार ठरल्या वेळी बंद होते, मैदानावर मुलांचे क्रिकेट सुरू असते. ‘मुलींसाठीही मैदान खुले आहे,’ असे म्हणणे आणि मुली तिथे निर्धास्तपणे येतील अशी व्यवस्था करणे, यांत फार अंतर आहे. दिव्यांची सोय, ठरावीक राखीव वेळ आणि एखादी प्रशिक्षक एवढ्यानेही चित्र बदलू शकते.

कागदावर तरतुदींची कमी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यार्थ्यांची तंदुरुस्ती, खेळ आणि मानसिक स्वास्थ्य यांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात योग, क्रीडा यांसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. आता पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी कॉलेजला विचारायचा प्रश्न सोपा आहे: आपल्याकडे ती व्यक्ती कोण आहे, कुठे बसते, आणि मैदानाच्या तासाला मुले खरोखर मैदानावर असतात का?

उद्या सकाळपासून

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. तोवर हातात काय आहे? पहिली गोष्ट, एकदम मोठा संकल्प करू नये. सहा महिन्यांची जिमची फी भरून तिसऱ्या आठवड्यात जाणे बंद झाले की ‘हेही जमले नाही’ ही भावना वाढते, आणि बर्नआऊटचे तिसरे लक्षण नेमके तेच असते. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे चालणे पुरे. मग ती वीस करावीत. बोलता येईल पण गाणे म्हणताना धाप लागेल, एवढा वेग म्हणजे मध्यम व्यायाम.

दुसरी गोष्ट, सलग बसणे तोडावे. अभ्यासाची बैठक अर्ध्या-पाऊण तासाची ठेवावी आणि मध्ये उठून पाणी भरून आणावे किंवा जिन्याची एक फेरी मारावी. या सुट्टीत मोबाइल घेऊन बसले तर सुट्टी झाली असे वाटते, पण शरीर आहे तिथेच राहते. घरचा फोन चालता-चालता घ्यावा. पाठांतर येरझाऱ्या घालत करण्याची आपल्याकडची जुनी सवय मुळीच वेडगळ नाही. ओरलची प्रश्नोत्तरे दोघांनी मिळून चालत-चालत करता येतात. बसने जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावे, तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट घेऊ नये.

तिसरी गोष्ट, कुणीतरी सोबत घ्यावे. एकट्याने ठरवलेले चालणे पावसाच्या पहिल्या सरीने बंद पडते. खाली कुणीतरी वाट पाहत उभे असेल तर पाय निघतात. पुण्यात हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक गावात असे एखादे ठिकाण असतेच. रविवारी सकाळी चार जणांनी मिळून ते चढायला पैसे लागत नाहीत, आणि बोलणेही होते. खचलेल्या माणसाला दुसऱ्याची जेवढी गरज असते तेवढीच टेकडीची असते. शेवटची गोष्ट, परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात चालणे बंद करू नये. तेव्हाच ते जास्त लागते.

प्राध्यापकांच्या हातातही एक सोपा उपाय आहे. दोन तासांच्या सलग व्याख्यानात मध्ये तीन मिनिटे सगळ्यांना उभे करणे. त्यासाठी ना परिपत्रक लागते, ना निधी.

थकवा दोन-तीन आठवडे हलत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार यांतही असाच थकवा येतो आणि साध्या रक्ततपासणीत तो कळतो. कशातच मन लागत नसेल, सतत रडू येत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते बर्नआऊटच्या पुढचे असू शकते. तिथे चालण्याचा सल्ला पुरेसा नाही. सुरू असलेली औषधे व्यायामाच्या भरवशावर बंद करू नयेत. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, त्यावर मराठीतही बोलता येते.

आता पुन्हा त्या कर्वेनगरच्या खोलीत येऊ. त्या विद्यार्थिनीच्या दिवसातले लेक्चर, असाइनमेंट, सबमिशन काहीही कमी करणे तिच्या हातात नाही. साडेबारा तासांचे साडेअकरा करणे मात्र तिच्या आवाक्यात आहे. मेसहून खोलीवर येताना मैत्रिणीला घेऊन मोठा वळसा घालायचा, आणि आईचा फोन तेव्हाच घ्यायचा. ‘कुठे आहेस, गाड्यांचे आवाज येतायत?’ असे आई विचारील. ‘चालतेय गं,’ एवढे उत्तर त्या आईला पुरेल.